चांगुणाबाईंचा शेवटचा धवला

चांगुणाबाईंच्या घरात पाऊल टाकलं की पाण्याच्या तांब्याआधी त्यांचा हात पुढे यायचा. त्या हातावर आपला मोबाइल ठेवायचा. मग त्या उठून आतल्या खोलीतल्या पत्र्याच्या कोठीचं झाकण उघडायच्या आणि मोबाइल तांदळात खुपसून परत यायच्या. मीटर बघायला आलेला माणूस असो की नातीला बघायला आलेले पाहुणे, यातून कुणाची सुटका नव्हती. पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. म्हटलं, आजी, पाण्यात पडलेला मोबाइल तांदळात ठेवतात, माझा तर कोरडा आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "त्याला नाय सुकवीत बाय. तुना सुकवतंय."

चांगुणाबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीला लांबलचक गाणी म्हणायची आणि ओळीत येईल ते करत जायचं, अशी रीत आहे. ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. एके काळी मानपाड्याच्या आसपासच्या गावांत त्यांच्यावाचून हळद लागत नसे. नंतर डीजे आले. चांगुणाबाईंना बोलावणी यायची, मानाची साडी मिळायची, पण त्यांनी तोंड उघडलं की कुणीतरी आवाज वाढवायचा. त्यांनी तक्रार केली नाही. "त्यांचा पन लगीनच हाय," एवढंच म्हणायच्या.

मी त्यांच्याच शेतावर उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. सकाळच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणून मी त्यांची 'मास्तरीन'. वीस वर्षं मी लेखिका होणार होते. दुपारी दोन ते चार ही माझी लिहायची वेळ, असं घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. दार लावून बसायचं, वही उघडायची, आणि एक शब्द तपासायचा म्हणून मोबाइल हातात घ्यायचा. चार वाजता मला तीन अनोळखी माणसांची भांडणं, एका नटीचं घर आणि लोणच्याच्या दोन कृती पाठ झालेल्या असत. वही कोरी. रोज स्वतःला शिव्या घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी तेच. हसण्यावारी नेत होते, पण आतून घाबरले होते. पंचेचाळिशी उलटली होती आणि माझ्या हातून काहीही होणार नव्हतं.

म्हणून त्यांच्या सुनेने, कुसुमने, ते काम सुचवलं तेव्हा मी अक्षरशः झडप घातली. वैशाखात नातीचं लग्न होतं. चांगुणाबाईंचा दमा वाढला होता, मांडवात उभं राहून म्हणणं त्यांना जमणार नव्हतं. कुसुम म्हणणार होती, पण तिला एवढं पाठ नव्हतं. ती दुपारी अंगणवाडीत असायची. मी सगळं वहीत उतरवून द्यायचं ठरलं. मी विचारलं की रेकॉर्ड का करत नाही? चांगुणाबाई म्हणाल्या, "मी मेल्यावर माजा आवाज लग्नान कशाला पायजे? पोरगी घाबरल ना." लिहिलेलं चालेल, कारण वाचणाऱ्याचा आवाज जिवंत असतो, असं त्यांचं म्हणणं. त्यापुढे माझं काही चाललं नाही.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते. मोबाइल तांदळात, वही मांडीवर. त्या एक ओळ म्हणायच्या, मी लिहायचे, वाचून दाखवायचे. चुकलं तर "पुस ती" म्हणायच्या. मध्येच कुणी हाक मारली आणि गाणं तुटलं, तर त्या पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करायच्या. अर्ध्यात मोडलेला धवला तसाच पुढे नेला तर संसार अर्ध्यात मोडतो, म्हणायच्या. धाप लागायची, छातीवर हात दाबून थांबायच्या, पण सुरुवात पहिल्यापासूनच. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, तरी भरलेल्या पानावरून बोट फिरवून बघायच्या. हळदीचे झाले, मांडवाचे झाले, देवांना आवतण देण्याचे झाले. मीसुद्धा काहीतरी पुरं करू शकते, असं मला वाटायला लागलं.

मग माझ्या आईला रुग्णालयात ठेवावं लागलं. मोबाइल जवळ ठेवू का, असं मी विचारलं. त्यांनी एका शब्दाने अडवलं नाही. "आयचा फोन हाय तं ठेव बाय," म्हणाल्या. आई आठवड्याने बरी होऊन घरी आली. मी ते चांगुणाबाईंना सांगितलं नाही. मोबाइल वहीखाली राहू लागला. मी त्यात बघत नव्हते, नुसता असायचा. असं मी स्वतःला सांगत होते.

पाठवणीचा धवला त्यांनी शेवटी ठेवला होता. तो लग्नाशिवाय घरात म्हणत नाहीत, घरातलं माणूस जातं अशी समजूत आहे. नातीसाठी त्यांनी तो एकदाच म्हणायचं कबूल केलं. पुन्हा नाही, वाचून दाखवायचाही नाही. त्या दिवशी त्यांनी दिवा लावला, दार ओढून घेतलं, पदर डोक्यावर घेतला. मला म्हणाल्या, "आज मी थांबनार नाय. तू पन थांबू नको."

आणि त्याच सकाळी मी त्यांच्या सुरकुतलेल्या हातांचा फोटो टाकून लिहिलं होतं की एक परंपरा मरण्यापूर्वी मी ती वहीत उतरवतेय.

त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. मी दोन ओळी लिहिल्या. तिसरी अर्धी झाली असेल, वहीखाली मोबाइल थरथरला. एकदाच बघते, म्हटलं. लोकांनी भरभरून लिहिलं होतं. माझ्या जुन्या प्राध्यापिकांनी लिहिलं होतं की तू फार मोठं काम करते आहेस. मी त्यांना उत्तर लिहायला लागले. नम्र दिसेल असं उत्तर, दोनदा खोडून तिसऱ्यांदा. कानावर आवाज येत होता, एवढं आठवतं. शब्द एकही नाही. मान वर केली तेव्हा दिवा तसाच होता, त्या भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"लिवलंस ना सगला?" त्यांनी विचारलं.

मी "हो आजी" म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी घरी येऊन न्हाणीघरात दार लावून रडले. उद्या सांगेन, पाया पडेन, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेले तर त्या नातीच्या साड्या दाखवत बसल्या, इतक्या खूश होत्या की मला तोंड उघडवलं नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत परीक्षा असल्याचं कारण मी स्वतःच स्वतःला दिलं. पाचव्या दिवशी सकाळी त्यांना अर्धांगाचा झटका आला. मी धावत रुग्णालयात गेले. वाचा गेली होती. मला बघून त्यांनी चांगला हात उचलला, माझा तळवा ओढला आणि त्यावर बोटाने लिहिल्यासारखं केलं. डोळ्यांत प्रश्न होता. मी हो म्हणून मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर दोन दिवसांनी त्या गेल्या. तेरावं झालं, लग्न ठरल्या दिवशीच करायचं ठरलं.

कुसुमला मी लग्नाआधी आठ दिवस सांगितलं. त्याआधी जमेल तेवढी धावपळ करून पाहिली. आंबिवलीपर्यंत जाऊन दोन म्हाताऱ्या धवलारणींना विचारलं. दोघींनी आपापला पाठवणीचा धवला वेगळा असल्याचं सांगितलं. हा चांगुणाबाईंच्या सासूचा, त्या घराचा. तो आणखी कुणाला येत नव्हता. कुसुम वहीवरून म्हणायचा सराव करायला माझ्याकडे आली. शेवटचं पान उघडून तिने अडीच ओळी मनातच वाचल्या आणि पान उलटलं.

"पुढं?"

"पुढे नाही."

"आई थांबल्या होत्या का?"

"त्या थांबल्या नव्हत्या. मी मोबाइल बघत होते."

तिने वही मिटून पिशवीत घातली. म्हणाली, त्या वाचा जाईपर्यंत सगळ्यांना सांगत होत्या, मास्तरीन हाय, आता काय बुडत नाय.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते चार माझा मोबाइल बंद करून शेजारच्या वहिनींकडे असतो. एकदाही चुकलेलं नाही. बाकीचे सगळे धवले मी कुसुमकडून वही मागून आणून स्वच्छ अक्षरात उतरवले. माझी लिहायची वेळ आता कुणी मोडू शकत नाही. इतकं सोपं होतं ते, याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

लग्नाला मी जाणार नव्हते, कुसुम स्वतः न्यायला आली. पाठवणीच्या वेळी तिने डीजे बंद करायला लावला आणि वही उघडली. मुलगी बापासमोर उभी राहिली. कुसुमने पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली. मग तिसरी अर्धी, जेवढी माझ्या अक्षरात होती तेवढी: बापूस लेकीचे हातान देतंय.

ती थांबली. चांगुणाबाईंच्या मुलाने रिकामा हात मुलीपुढे धरला होता. त्याने मान वळवून मला शोधलं.

"मास्तरीन बाय," तो हळूच म्हणाला, "काय देयाचा असतं?"

आख्खा मांडव माझ्याकडे बघत होता, आणि मला माहीत नव्हतं.