उशिरा शिकलेल्या म्हात्रेबाई

म्हात्रेबाई कुणालाही ‘ढ’ म्हणू देत नसत. एखादी आई स्वतःच्या पोराला तसं म्हणाली, तरी बाई तिला थांबवत. “पोर ढ नसतं गं. त्याचं कुठंतरी अडलेलं असतं.”

मी अंजूरच्या शाळेत रुजू झाले, तेव्हा मात्र बाई अशा नव्हत्या. छडी, पाढे आणि मागची ओळ ‘दगडांची’. निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना त्यांना वाचनाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. “म्हातारीला आता काय शिकवणार?” म्हणत कुरकुरत गेल्या आणि गप्प होऊन परतल्या. दुसऱ्या दिवशी खुर्ची सारून मुलांत जमिनीवर बसल्या. मुलांना घरच्या बोलीत बोलू दिलं आणि त्यांचेच शब्द फळ्यावर लिहिले. मासळीला मावरा, होडीला होरी, नाहीला न्हाय. मागची ओळ हळूहळू वाचू लागली. आम्हाला कोण आनंद! बाई मात्र डबा उघडा ठेवून रडल्या. “हे जमण्यासारखं होतं गं. मग आधीच्या पोरांचं काय?”

एका रविवारी मला घेऊन त्या जनूकडे गेल्या. चौथीत शाळा सोडलेला त्यांचा विद्यार्थी, आता जवळच्या वळ गावातल्या गोदामात हमाल. चहा झाल्यावर बाई म्हणाल्या, “जनू, तू ढ नव्हतास रे. मलाच शिकवता येत नव्हतं.”

जनूनं कप खाली ठेवला. “मंग तवा का न्हाय सांगितलंत, बाय?”



बाई निवृत्त झाल्या आणि त्याच जूनमध्ये जनूची मुलगी पहिलीत आली. बाई रोज येऊन तिच्याशेजारी बसू लागल्या. पावसाळा सरता सरता त्यांना कावीळ झाली, तरी येत राहिल्या. शेवटी ठाण्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा आवाज पार खोल गेला होता. “जोडाक्षरांपाशी अडते ती. घाई करू नकोस,” एवढंच म्हणाल्या.

चार दिवसांनी बाई गेल्या.

खाडीकाठच्या स्मशानात जनू गोदामातल्या कपड्यांतच आला होता. लोक पांगल्यावर माझ्याजवळ आला. “पोर धडा वाचते आता. बायला सांगाया जानार व्हतो,” म्हणाला. मग चितेकडे बघत पुढे म्हणाला, “त्या दिवशी मी बायला तसं बोलाया नको व्हतं.”