किल्ली पोहोचली, कुलूप नाही

सांगलीत हळदीच्या एका अडत दुकानात मी हिशेब लिहितो आणि उरलेल्या वेळात जुनी पितळी कुलपं विकतो. कुलपांचा नाद वडिलांमुळे लागला. ते कुलपं दुरुस्त करणारे मिस्तरी होते. बाजारपेठेतल्या निम्म्या तिजोऱ्या त्यांनी कधी ना कधी उघडून दिल्या असतील. ते गेले तेव्हा माळ्यावर दोन पोती कुलपं निघाली. भंगारवाला किलोच्या भावाने उचलायला तयार होता. माझ्या मुलीने त्यातलं एक घासलं, फोटो काढून जुन्या वस्तू विकायच्या एका साइटवर टाकलं, आणि भंगारवाला दोन्ही पोत्यांचे मिळून देत होता तेवढ्याला ते एकटं गेलं. वडिलांची कुलपं संपत आली तसा मी रविवारी मोटारसायकल काढून गावोगावी नवी शोधू लागलो. मुलगी फोटो काढते, लिहिते, गिऱ्हाइकाशी बोलते. घासणं, वजन करणं आणि पार्सल शिवणं माझ्याकडे.

पार्सल मी खरोखरच शिवतो. आधी कुलूप जुन्या लुंगीच्या कापडात गुंडाळायचं. मग लाकडी खोक्यात उसाचं कोरडं पाचट दाबून भरायचं, कुलूप मधोमध ठेवायचं, झाकणाला खिळे. वरून मांजरपाटाचं कापड घालून दाभणाने शिवायचं. पत्ता कापडावरच लिहायचा. अडतीत हळदीचे नमुने बाहेरगावी जातात ते असेच शिवून जातात, त्यामुळे हाताला सवय आहे. आजवर माझं एकही पार्सल वाटेत फुटलेलं नाही.

वडिलांची एक रीत मी सोडली नव्हती. कुलूप आणि किल्ली त्यांनी कधी एका हाताने पाठवली नाहीत. कुंडल गावच्या एखाद्या घरातून धान्याच्या कोठीचं कुलूप दुरुस्तीला यायचं. परत जाताना कुलूप एसटीच्या कंडक्टरकडे दिलं, तर किल्ली दुसऱ्या दिवशी गुळाच्या गाडीवाल्याकडे. दोन्ही एकाच्या हाती पडली तर वाटेत साबणाच्या वडीवर किल्लीचा छाप घ्यायला कितीसा वेळ लागतो? मालकांनाही हे ठाऊक असायचं. दोन्ही एकदम हातात दिली असती, तर त्यांनीच ती घेतली नसती.

मुलगी मला सुरुवातीला हसली होती. हे शोभेचं कुलूप आहे अब्बा, मुंबईतल्या कुणाच्या तरी भिंतीवर लटकणार, त्याची किल्ली कोण कशाला करून घेईल, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, कुलूप आहे तोवर ते कुलूपच आहे. तेव्हापासून कुलूप खाजगी कुरिअरने आणि किल्ली टपालाने, असं आमचं चालत आलं. साइटवर मात्र ही गोष्ट आम्ही कुठे लिहिली नव्हती. हे सगळ्यांना ठाऊकच असतं, असं मी धरून चाललो होतो.

खंडाळ्याच्या सुभेदारांना ते ठाऊक नव्हतं. सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, जुनी कुलपं जमवायचे. त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदाच कुलूप घेतलं, आणि तेही माझ्याकडचं सगळ्यात चांगलं. ते मी कुंडलला मिळवलं होतं. भोकावरचं पितळी फूल बाजूला सरकवल्याशिवाय किल्ली घालायची जागाच दिसायची नाही, अशी त्याची घडण. वजन नऊशे चाळीस ग्रॅम, किंमत चार हजार दोनशे. साइटने आपली दलाली कापून बाकीचे माझ्या खात्यावर रोखून ठेवले. माल पोहोचला की पैसे सुटतात.

टपालाने किल्ली वेळेवर पोहोचली. कुरिअरचं पार्सल कराडपर्यंत गेल्याची नोंद दिसत होती. त्यानंतर ते कुठे गेलं कुणालाच सांगता येईना.

सुभेदारांनी फोन केला. आवाज शांत होता.

"आवं मिस्तरी, किल्ली लय झ्याक हाय. आता कुलपाचं एक चित्र बी पाठवून द्या. भितीवर चिकटवतो आन् त्यात फिरवत बसतो."

कुलूप वेगळ्या पार्सलने निघालंय, येईल, थांबा, असं मी सांगितलं. ते थांबले. पार्सल काही आलं नाही. मग त्यांनी साइटवर तक्रार केली आणि जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर लिहिलं: सांगलीच्या कुलूपवाल्यापासून सावध राहा, किल्ली पाठवतो आणि कुलूप ठेवून घेतो. त्याखाली एकाने लिहिलं की तेच कुलूप आता दुसऱ्या नावाने विकायला आलंय का, बघा. दुसऱ्याने हसणारी तोंडं टाकली. त्या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे. कुणाचं कुलूप खोटं निघालं तर तिथे लोक मला विचारतात. आता माझ्या बाजूने एकानेही शब्द काढला नाही.

तोवर साइटचा निकाल आला. मुलीने दोन्ही पाकिटांचे नंबर भरले होते, आणि साइटने त्यातला शेवटचा धरला. तो किल्लीचा होता. त्या नंबरावर 'पोहोचलं' असं दिसत होतं. तक्रार फेटाळली, पैसे माझे झाले.

मुलगी पळत आली. "अब्बा, आपण जिंकलो."

"काय जिंकलो? कुलूप कुठाय?"

घरात त्या संध्याकाळी यावरच बोलणं चाललं. पैसे मिळालेत, तर आता उकरायचं कशाला, असं घरच्यांचं मत. मी म्हटलं, हे पैसे ठेवले तर त्या माणसाने ग्रुपवर लिहिलेलं खरं ठरतं. मी साइटवर अपील करायला बसलो तर कळलं, अपील फक्त हरणाऱ्याला करता येतं. जिंकणाऱ्याला निकाल चुकीचा वाटू शकतो, ही शक्यता त्यांनी धरलेलीच नाही. मग मदतीच्या खिडकीत सगळं लिहून काढलं: कुलूप पोहोचलेलं नाही, निकाल फिरवा. उत्तर आलं की काळजी नसावी, आपले पैसे सुरक्षित आहेत. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर.

दुसऱ्या दिवशी कुरिअरच्या कचेरीत गेलो. तिथला मॅनेजर वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड. खुर्ची दिली, चहा मागवला. पावती उलटी करून मागची बारीक अक्षरं दाखवली: पार्सल गहाळ झाल्यास जास्तीत जास्त शंभर रुपये. मी म्हणालो, शंभर नकोत, पार्सल हरवल्याचं लिहून द्या. तो म्हणाला, तसं लिहायची पद्धत नाही. चहा तसाच ठेवून मी आलो.

मग मी रोज जाऊ लागलो. अडत सुटली की वाटेत ती कचेरी पडतेच. काही दिवसांनी त्याने वरून परवानगी आणली. कुलपाची पूर्ण किंमत द्यायला ते तयार होते. फक्त एका कागदावर सही हवी होती. कागद छापील होता आणि त्यात एक ओळ हाताने भरली होती: पाठवणाऱ्याने केलेलं पॅकिंग अपुरं असल्यामुळे वस्तू गहाळ झाली.

"नुसती फॉर्मॅलिटी आहे, चाचा," तो म्हणाला. "हे कुणी वाचत नाही."

"मी वाचलं की."

"चार हजार दोनशे पूर्ण मिळतायत. एका ओळीसाठी अडून काय मिळणार तुम्हाला?"

काय मिळणार ते मलाही सांगता आलं नसतं. पण ती ओळ खोटी होती, आणि खाली माझी सही येणार होती. पंचवीस वर्षं मी दुसऱ्याच्या पैशाचे हिशेब लिहीत आलोय. चुकलेल्या रकमेवर सही करायला मला मालकानेसुद्धा कधी सांगितलं नाही. मी कागदाची एक प्रत मागून घेतली, घडी करून खिशात टाकली आणि घरी आलो.

रविवारी खंडाळ्याची गाडी पकडली. साइटने सोडलेले पैसे पाकिटात घेतले होते. त्यात कापलेल्या दलालीची भर माझ्या खिशातून टाकली, म्हणजे चार हजार दोनशे पूर्ण झाले. सुभेदारांना आधी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर नको म्हणाले असते.

घराच्या पडवीत ते कुलपांना तेल देत बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी तेलाचा हात फडक्याला पुसला, पण बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच पाकीट पुढे केलं. त्यांनी नोटा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

"साइटनं दलाली कापली असंल की. ह्यात तर पुरे हायेत."

"दलाली साइटने माझ्या विक्रीवर कापली. माल तुम्हाला मिळालाच नाही. तुम्ही कशाला सोसायची?"

मग ते बसा म्हणाले. आतून पाणी आलं. कुलूप आणि किल्ली वेगळी का पाठवली, हे त्यांनी विचारलं आणि मी वडिलांची रीत सांगितली. ते ऐकत राहिले, तेल द्यायचं थांबवून.

"आमच्यात बी हे व्हतं," ते म्हणाले. "बंदुका रेल्वेनं जायच्या तवा बोल्ट काढून दुसऱ्या पेटीत, दुसऱ्या डब्यात. एकाच्या हाती सगळं पडाय नगं. पर मिस्तरी, आमच्यात ते कागदावर असायचं. तुमी कुठं लिवलं व्हतं?"

"नाही लिहिलं."

"मंग मला कसं कळावं? मी आपलं किल्ली घिऊन बसलो येड्यावाणी."

मला चोर म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं, एवढं मी कबूल केलं. पण मी चोर नव्हतो, हेही सांगितलं आणि खिशातला कुरिअरचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. यावर सही केली तर पूर्ण किंमत देतायत, मी केलेली नाही, असं म्हणालो.

त्यांनी चष्मा लावून कागद बोट फिरवत वाचला. त्या हाताने भरलेल्या ओळीवर बोट थांबलं.

"पॅकिंग अपुरं?" ते म्हणाले. "आवं, बोटाएवढी किल्ली, ती डबीत, डबी फडक्यात, फडकं शिवलेलं. ते उसवाय मला अर्धा घंटा लागला. ब्लेड मोडलं माजं. किल्लीला एवढं करणारा माणूस कुलपाला काय करत आसंल?"

ते उठून आत गेले आणि ते मांजरपाटाचं कापड घेऊन आले. टाके कापलेले होते, पण दोन बाजूंची शिवण अजून धड होती. कुलपं पुसायला चांगलं म्हणून ठेवलं होतं, असं ते म्हणाले. पैसे त्यांनी ठेवून घेतले, ते योग्यच होतं. मग, ग्रुपवर आता काय लिहू, असं त्यांनी विचारलं. माझी बाजू घेऊन काही लिहू नका, असं मी सांगितलं. तुम्ही लिहिलंत तेव्हा तुमच्या हाती तेवढंच होतं. मला कुरिअरवाल्यांकडून खरं वदवून घ्यायचंय. त्याला साक्षीदार लागेल.

"येतो की," ते म्हणाले. "सांगलीला कवा बी बोलवा."

ग्राहक आयोगात तक्रार मी स्वतःच लिहिली. वकील दिला नाही. मागणी एकच: पार्सल आमच्या ताब्यात असताना हरवलं, असं कुरिअर कंपनीने लिहून द्यावं. भरपाईचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाले, म्हणून चार हजार दोनशे लिहिले. मानसिक त्रासाचे लाखभर मागायची रीत आहे, असं तिथल्या एकाने सुचवलं. माझ्या त्रासाचा हिशेब मला मांडता येत नव्हता, म्हणून काही मागितलं नाही. सुभेदारांनी प्रतिज्ञापत्र दिलं आणि किल्लीच्या पाकिटाचं ते कापडही दिलं.

तारखेच्या दिवशी ते पहाटेची गाडी धरून आले. अंगात इस्त्रीचा सदरा, पायात चकाकते बूट. मुलगीही आली होती. पुकारा व्हायच्या आधी कंपनीचा वकील व्हरांड्यात आमच्याजवळ आला. मला म्हणाला, मिटवून टाकू, कंपनी थोडे जास्तही देईल. मी नकारार्थी मान हलवली तसा तो सुभेदारांकडे वळला. त्याच्या हातात ग्रुपवरच्या मेसेजची छापील प्रत होती.

"यांना चोर तुम्हीच म्हटलं होतं ना? हे तुमचंच लिहिणं आहे. आता त्यांच्याच बाजूने आलात?"

आसपासचे लोक बघायला लागले. मुलीने माझा हात धरला. सुभेदारांनी ती प्रत हातात घेतली आणि नीट पाहिली.

"व्हय, मीच लिवलंय. न्हाई कशाला म्हणू? चोर म्हणलं व्हतं, चार मान्सांत म्हणलं व्हतं. आता चार मान्सांतच सांगतो, ती चूक व्हती. ह्यांनी माजं पैसं खंडाळ्याला आणून दिलं, साइट नगं म्हणत असताना. तुमची कंपनी अजून पार्सल हरवलं म्हणाय तयार न्हाई. ह्ये बी छापून घ्या की, त्येच्याखाली."

वकिलाने प्रत परत घेतली. तो चिडला नाही, त्याचं हे रोजचं काम होतं. त्याने खिशातून पेन काढलं आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला की पॅकिंगची ओळ काढून टाकू. त्याऐवजी 'कोणत्याही बाजूचा दोष न धरता' असं लिहू. पाच हजार देऊ. आजच्या आज.

मी म्हणालो, दोष आहे. पार्सल तुमच्याकडे होतं आणि तुमच्याकडून गेलं. तेवढं एक वाक्य लिहा, पैसे दिले नाहीत तरी चालेल.

"ते लिहिता येणार नाही."

"मग पुढची तारीख घ्या," मी म्हणालो.