मूठभर अक्षता

माझा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मखमलाबादहून सातपूरची कंपनी सायकलने पाऊण तासावर, पहिली पाळी सातची. तरी साडेसहाला मी मशीनपाशी हजर. हे मी सगळ्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की मला पाहून लोक वाट बदलायचे.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. पॉवर प्रेसवर पत्र्याची झाकणं मारायचं काम. चार वर्षं टेंपररी होतो. दिवाळीला पर्मनंट होणाऱ्यांची यादी लागणार होती आणि तीत माझं नाव आहे, असं फोरमन वाल्मीकराव बोलून गेले होते. त्याच महिन्यात कंपनीत एका सरांचं व्याख्यान झालं. मन आधी जिंकलं की हात आपोआप जिंकतात, असं ते म्हणाले. मला ते फारच पटलं.

दसऱ्याला मशीनची पूजा. आमचा मळा झेंडूचा, त्यामुळे सगळ्यात जाड हार माझ्या प्रेसला. इतरांनी चिमूटभर अक्षता वाहिल्या, मी मूठभर उधळल्या.

सुट्टीनंतर काम सुरू झालं. पहिला नग उजेडात धरून तपासायचा, असा नियम. माझं मन जिंकलेलं असल्याने मी तपासला नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साडेअकराशे झाकणं मारली. मग सहज एक हातात घेतलं. मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा. कडेला अडकलेले दाणे हादऱ्याने अधूनमधून साच्यात पडत होते.

खराब झाकणं पेटीच्या तळाशी सरकवावीत, असा सकारात्मक विचारही येऊन गेला. पण तेवढं धाडस नव्हतं. यादीतलं नाव गेलं असं धरून वाल्मीकरावांकडे गेलो.

ते ओरडले नाहीत. एक पेटी पालथी घालून माझ्या शेजारी बसले. दुसरी पाळी लागेपर्यंत आम्ही दोघांनी एकेक झाकण बोट फिरवून निवडलं. दोनशे सात खराब निघाली.

"पहिला नग का नाही बघितलास?"

"खात्री होती, साहेब."

"मला तुझी होती. म्हणून सकाळी मीही फेरी मारली नाही. दोघांची नावं लिहितो."

रजिस्टरात तशीच लिहिली. खाली नवा नियम घातला: पूजेनंतर साचे साफ करायचे, जबाबदारी सावळीराम, म्हणजे मी. दिवाळीला यादी लागली, नाव होतं. पुढचे बारा दसरे मी ब्रश घेऊन शॉपमधलं प्रत्येक मशीन झाडलं, स्वतःचं सगळ्यात शेवटी. पहिला नग एकदाही सोडला नाही. लोक मला 'अक्षता' म्हणायचे. मी ओ द्यायचो.

दोन हजार नऊला रिटायर झालो. पगारातून दोन खोल्या झाल्या, मुलीचा, रूपालीचा, डिप्लोमा झाला. शेवटच्या पगारातून बायकोला, सगुणाला, पीठ दळायची घरघंटी घेतली. तिने पूजेचं ताट आणलं, अक्षता उचलल्या, तसा मी धावत जाऊन वरच्या तोंडावर हात धरला.

"सरका बाजूला," ती म्हणाली. "तांदूळ दळायलाच आणलीय ना ती?"