डावीकडून आवाज येत नाही

आमच्या घराचा पुढचा भाग म्हणजे दुकान आणि मागचा भाग म्हणजे घर. दुकान किराण्याचं, माझ्या नवऱ्याचं. मधे भिंत आहे, पण भिंतीला दार नाही, नुसता पडदा आहे. पडद्याच्या अलीकडे हॉल आणि हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. मुलगी शिकत होती तेव्हा तो घेतलेला. आता ती पुण्याला नोकरीला आहे आणि कॉम्प्युटर माझ्या वाट्याला आला आहे. परळीत वीज केंद्राची राख सगळ्यांच्या घरी येते, म्हणून त्याला मी जुन्या चादरीची खोळ शिवली आहे.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. सव्वीस वर्षं झाली. गेल्या साली आम्हा शिक्षकांना एक लांबलचक ऑनलाइन प्रशिक्षण लागलं. रोज दुपारी दोन तास स्क्रीनसमोर बसायचं, तज्ज्ञ बोलतील ते ऐकायचं आणि शेवटी प्रश्नांची उत्तरं द्यायची. मला तज्ज्ञांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटायचं, म्हणून मी स्पीकरचा आवाज पूर्ण मोठा ठेवायची. पडद्यापलीकडे गिऱ्हाईक साखर मागायचं आणि अलीकडून तज्ज्ञ 'अध्ययन निष्पत्ती' म्हणायचे. चौथ्या दिवशी नवरा पडदा सरकवून आत आला.

"अगं, आवाज कमी कर थोडा. एक म्हातारबा इचारायलेत, दुकानात कुणाची सभा चाललीय म्हणून."

"कमी केला तर मला ऐकू येत नाही. ते तज्ज्ञच तोंडातल्या तोंडात बोलतात."

माझा नवरा वाद घालत नाही, परस्पर उपाय करतो. त्याने मुलीला फोन केला आणि पाच दिवसांनी पुण्याहून एक पार्सल आलं. आत गुळगुळीत पांढरी डबी आणि डबीत दोन इयरबड. नवऱ्याने ते हातात घेऊन बघितले आणि म्हणाला, "कापसाच्या बोंडावानी हायेत." तेव्हापासून आमच्या घरात त्यांना बोंडंच म्हणतात.

रविवारी सकाळी मी पदर खोचून कामाला लागले. डबी उघडली, बोंडं कानात घातली, प्रशिक्षणाचा व्हिडिओ लावला. आवाज स्पीकरमधूनच आला. मी डबी बंद करून पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग स्पीकरची वायर उपटून टाकली, म्हणजे आवाजाला कानात येण्यावाचून दुसरी जागाच उरणार नाही. आवाज कुठेच आला नाही. शेवटी मुलीला फोन लावला.

"आई, कॉम्प्युटरला ब्लूटूथ आहे का?"

"नसायला काय झालं?"

"अगं तो जुना आहे. त्याला नसणार. तू दोन तास करत काय होतीस?"

दोन तास मी जे करत होते ते मी तिला सांगितलं नाही. मी कॉम्प्युटरच्या मागे वाकून ब्लूटूथचं भोक शोधत होते.

स्टेशन रोडवरून ब्लूटूथचा डोंगल आणला. नखाएवढा तुकडा, कॉम्प्युटरमध्ये खोचायचा. सोमवारी प्रशिक्षणाच्या आधी मी तो खोचला, डबीचं बटण मुलीने सांगितलं तसं दाबून धरलं, दिवा लुकलुकायला लागला आणि स्क्रीनवर जवळपासच्या यंत्रांची यादी आली. यादीत मराठी काही नव्हतं. इंग्रजी अक्षरं आणि आकडे. मला वाटलं, सगळ्यात वरचं असेल ते आपलंच. मी ते दाबलं. 'जोडले गेले' अशा अर्थाची हिरवी खूण आली. मी ताठ बसले. पण कानात काहीच नाही. तज्ज्ञांचे ओठ हलताहेत, हात हलताहेत, आणि माझ्या कानात शुकशुकाट.

दहाएक मिनिटांनी शेजारचे टेलर दुकानातून थेट आत आले. गळ्यात टेप, हातात ब्लाउजची बाही.

"मॅडम, तुमचे सायब माझ्या दुकानात बोलायलेत."

"कोण साहेब?"

"ते काय म्हाईत न्हाई. मी मगाशी गाणे लावायला स्पीकर चालू केला, तर त्यातून सायब निघाले. मूल्यमापन मूल्यमापन करायलेत. दोन बाया माप द्यायला आल्यात, त्या बी ऐकत बसल्यात."

मी बोंडांऐवजी टेलरांचा स्पीकर जोडला होता. तो तोडायचा कसा हे मला कळेना, त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी जाऊन स्पीकरच बंद केला. त्यातली एक बाई नंतर मला बाजारात भेटली आणि म्हणाली, तुमचे साहेब चांगलं समजावून सांगत होते, मधेच बंद कशाला केलं.

त्यानंतर दोन दिवस बोंडं माझ्या फोनला जाऊन चिकटत होती. डबी उघडली की ती आधी फोनकडे धावायची. मुलीने सांगितलं, आधी फोनचं ब्लूटूथ बंद कर. ते केलं, आवाज कुठून यावा ते कॉम्प्युटरवर निवडलं, आणि गुरुवारी दुपारी तज्ज्ञ एकदाचे माझ्या कानात बोलले. इतके जवळून, की मी दचकून "हो सर" म्हणाले.

पण ते फक्त उजव्या कानात बोलत होते.

डाव्या बाजूला खोल विहिरीत कुणीतरी बोलावं तशी नुसती गुणगुण. मी म्हटलं, राख गेली असणार. टूथब्रशने जाळी घासली. फरक नाही. मग डोंगल काढून दुसऱ्या भोकात खोचला. फरक नाही. मग मुलीने फोनवरून दाखवलं की डाव्या-उजव्याचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करता येतो. मी डावा शंभरावर नेला आणि उजवा पंचेचाळीसवर आणला. आता दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या झाल्या. पण नवीन वस्तूला अशी ठिगळं का लावायची? मी कंपनीला तक्रार करायचं ठरवलं.

तक्रार मी मुद्देसूद लिहिली. निरीक्षण, कृती, अनुमान. दुसऱ्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन आला. फार नम्र मुलगी.

"मॅडम, एकदा बड्स उलटसुलट करून, दुसऱ्या कानात लावून बघितलं का?"

"मी विज्ञानाची शिक्षिका आहे," मी म्हणाले.

हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, हे मला आज कळतं. तिलाही तेव्हाच कळलं असणार, पण तिने पुन्हा विचारलं नाही. माझा आवाज असा काही असतो की लोक पुन्हा विचारत नाहीत. त्यांनी जुनी जोडी परत नेली आणि नवीन पाठवली.

नवीन जोडीची डावी बाजूही बंदच.

इथे कुणालाही शंका आली असती. मला आली नाही. उलट मी स्टाफरूममध्ये जाहीर केलं की या कंपनीची डावी बाजू मुळातच कच्ची असते, कुणी घेऊ नका. दोघीजणींनी घ्यायचं रद्दही केलं. आणि हे मी कधी केलं, तर ज्या आठवड्यात नववीला प्रयोग कसा करावा हे शिकवत होते त्याच आठवड्यात. एका वेळी एकच गोष्ट बदला, मुलींनो, बाकी सगळं तसंच ठेवा, म्हणजे दोष कुठे आहे ते सापडतं. मी जाळी बदलली, भोक बदललं, आवाजाचे आकडे बदलले, अख्खी जोडी बदलली. कान बदलून बघायचं मात्र सुचलं नाही. मानवी कानाची आकृती मी पुस्तकात न बघता फळ्यावर काढते, तीन हाडांसकट.

शनिवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवरा आत आला तेव्हा मी नव्या जोडीसाठीही आवाजाचे तेच आकडे लावून बसले होते, आणि कंपनीला दुसरी तक्रार लिहीत होते. तो म्हणाला, "आण बघू इकडं," आणि बोंडं आपल्या कानात घातली. क्षणात डावं उपटून टेबलावर टाकलं.

"कावून एवढा मोठा केलाय? पडदा फाटंल कानाचा."

"डावं खराब आहे म्हणून मोठा केलाय."

"खराब कुठं हाय? ठणाणा करायलंय."

त्याने मला आकडे सारखे करायला लावले, पुन्हा ऐकलं आणि मान हलवली. "दोन्हीकडून सारखंच येतंय."

"मग तुमचेच कान बिघडलेत."

यावर तो चिडला नाही. त्याने उजवं बोंड माझ्या तळहातावर ठेवलं. "हे डाव्या कानात घाल."

ते डाव्या कानात नीट बसत नव्हतं. मी बोटाने दाबून धरलं. तीच विहीर, तीच गुणगुण. मग डावं बोंड उजव्या कानाला लावलं. तज्ज्ञ खणखणीत बोलायला लागले.

तक्रारीचं अर्धं वाक्य स्क्रीनवर तसंच होतं.

"मला म्हाईत हाय," नवरा म्हणाला. "दोन वर्षं तरी झाली."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की. डाव्या बाजूनं सांगितलं असंल."

तो हसला आणि मलाही हसू आलं, पण नंतर आठवत गेलं तसं हसू थांबलं. बाजारात चालताना तो नेहमी माझ्या उजव्या हाताला येतो, मधेच जागा बदलून. मला वाटायचं, गाड्यांपासून मला सांभाळतोय. जेवायला बसताना पाट उजवीकडे मांडतो. नातेवाईकांकडे गेलो की मला भिंतीच्या कोपऱ्यात, डावी बाजू भिंतीकडे करून बसवतो. दोन वर्षं एका माणसाने आपल्यासाठी जागा बदलत राहावं आणि आपण त्यावर, तुम्हाला एका जागी धड बसवत नाही, म्हणून वैतागावं. मी हे त्याला खरंच म्हणाले होते, एका लग्नात, चारचौघांत.

पुढच्या आठवड्यात आम्ही अंबाजोगाईला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. माझ्या मुलीहून थोडीच मोठी असेल ती. तिने मला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावला आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. उजवा कान झाला. मग डाव्याची पाळी आली. बराच वेळ काही ऐकू येईना. मग मी अंदाजाने दाबायला लागले. थोडं थांबून एक, थोडं थांबून एक. डॉक्टर दार उघडून आत आली.

"मॅडम, डावीकडे मी अजून काही सोडलेलंच नाही. तुम्ही बटण कशासाठी दाबताय?"

काय सांगणार? पेपरात उत्तर कोरं सोडू नका, असं मुलींना सांगता सांगता ते माझ्याच अंगात मुरलं आहे. तिने मला पुन्हा पहिल्यापासून बसवलं. आतली शीर कमजोर झाली आहे, म्हणाली. औषधाने परत येणार नाही, पण मशीन लावलं तर चांगला उपयोग होईल. मी विचारलं, मळ तर नाही ना? तिने पुन्हा बघितलं. मळ नव्हता. मळ असता तर किती बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. माझी डावी बाजू खिडकीकडे आणि नवरा उजवीकडे. या वेळी तो असा का बसला ते मला ठाऊक होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी वाऱ्यावर ढकललं.

सोमवारी नववीच्या वर्गात गेल्यावर एक गोष्ट मला स्वस्थ बसू देईना. माझ्या टेबलाच्या डाव्या हाताच्या रांगेतल्या मुलींवर मी सारखी ओरडायची. मोठ्याने बोल, तोंडात गुळणी धरलीय का, उत्तर येतं तर पुटपुटतेस कशाला. उजव्या रांगेतल्या मुली मला हुशार वाटायच्या. मी पुस्तक बंद केलं आणि मुलींना सरळ सांगितलं, की माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं, ते मलाच उशिरा कळलं, आणि या रांगेला मी विनाकारण बोलले, ते चुकलं.

मग त्याच रांगेतली एक मुलगी उभी राहिली. मी उजवा कान तिच्याकडे केला.

"मॅडम, आमाला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"तुमाला इकडून ऐकू येत न्हाई ते. आमी म्हणूनच इकडं बसतो. इकडं बोलता येतं."

सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काय करणार होते? माझी सव्वीस वर्षांची शिस्त एका बाजूने उघडी होती आणि अख्ख्या वर्गाला तिचा नकाशा पाठ होता. मधल्या सुट्टीत मी कंपनीला एक मेल लिहून टाकला, की तुमच्या दोन्ही जोड्या चांगल्या होत्या. मग स्टाफरूममध्ये त्या दोघीजणींनाही सांगितलं. एकीने विचारलं, आता डावं कसं चालायला लागलं? मी म्हटलं, बस, सांगते.

प्रशिक्षण मी एकाच बोंडावर पूर्ण केलं. मुलीने फोनवर सांगून कॉम्प्युटरवर अशी काही खूण करून घेतली की दोन्ही बाजूंचा आवाज एकाच कानात येतो. परीक्षेत बऱ्यापैकी गुण पडले.

मशीन यायला महिना लागला. मधे दोनदा मी ते नको म्हणाले; केस पुढे घेऊन ते झाकता येईल का, हे आरशासमोर बघितलं; शाळेत कुणाला दिसणार नाही ना, हे डॉक्टरला फोन करून विचारलं. आलं तेव्हा ते त्या बोंडांपेक्षाही लहान निघालं. पहिल्या दिवशी नळाचं पाणी बादलीत पडताना पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाजलं, भाकरी थापल्याचा आवाज शेजारच्या घरातून येतोय असं वाटून मी थांबले, तर तो माझ्याच हाताचा होता. दुपारी हॉलमध्ये वह्या तपासत बसले असताना पडद्यापलीकडून काहीतरी बारीक, लांबट ऐकू यायला लागलं. मशीनच शिट्टी मारतंय असं वाटून मी ते काढून बघितलं, पुन्हा घातलं. मग उठून पडदा बाजूला केला. दुकानात कुणी नव्हतं. नवरा डाळीच्या पुड्या बांधत होता आणि गुणगुणत होता.

"तुम्ही गाता?" मी विचारलं.

"रोजच," तो म्हणाला आणि पुढची पुडी बांधायला घेतली.