भिकनचं इंग्रजी गाणं

स्वेटर सोडून तबकडी उचलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्याच गळ्यात पडला. नाव भिकन. हयात असताना मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, आता घेते. रागवायला आहेच कोण?

देवळाली कॅम्पात ऑफिसरांच्या मेसमध्ये हे वाढपी होते. एकाहत्तर साली एका साहेबांची बदली झाली. मेमसाहेबांनी नको असलेलं सामान व्हरांड्यात मांडलं आणि नोकरांना सांगितलं, एकेक वस्तू घ्या. चांगला लोकरीचा स्वेटर होता हो तिथं! तो माळ्यानं उचलला. आमच्या ह्यांनी काय आणलं, तर ताटलीएवढी काळी तबकडी. आणि ती वाजवायला घरात काय होतं? काही नाही.

"आता हिच्यावर काय पोळ्या लाटू?" मी म्हटलं.

हे हसले. "वत्सला, मेसमध्ये हे गाणं लागलं की माझ्या हातातला ट्रे सुद्धा नाचतो. तू एकदा ऐक तर खरं."

कॅम्पाच्या बाजारात बहिरू रेडिओवाल्याकडे तबकडीचं यंत्र होतं. रविवारी मी ह्यांच्या मागून तणतणत गेले, पोरीला घेऊन. चांगुणा, आमची एकुलती एक पोर, तेव्हा सात वर्षांची. सासूबाईंचं नाव ठेवलं होतं तिला.

बहिरूनं तबकडी लावली. आधी नुसता ड्रम, चार ठोके. मग पितळी वाजंत्री सगळी एकदम घुसली, लग्नघरात पाहुणे घुसतात तशी. आणि ती बाई गायला लागली. आवाज घोगरा, छातीतून काढलेला. एक शब्द कळला असेल तर शपथ! पण मला वाटलं, ही नवऱ्याशी भांडतेय आणि भांडता भांडता हिला हसू येतंय. मागं माणसं टाळ्या पिटतायत. आणि मध्येच सगळं बंद. ड्रम नाही, टाळी नाही, काही नाही. आपण श्वास धरून बसतो. मग ती बाई अगदी हळू काहीतरी कुजबुजते, आणि धाडकन सगळे परत! अगं बाई, माझे पाय माझं ऐकेनात. डोक्यावर पदर, भर बाजारातलं दुकान, आणि खाली टाच हलतेय. चांगुणा तर उड्या मारायला लागली. बहिरूनं दुसऱ्यांदा लावलं. तिसऱ्यांदा मीच म्हटलं, लावा हो अजून एकदा. खोटं कशाला बोलू?

ह्यांना ओढ होती ती त्या मधल्या जागेची. म्हणायचे, "वाजवतात तर सगळेच. इतकं नाचवून असं थांबायला छाती लागते."

पुढं ह्यांनी एक जुना ट्रम्पेट मिळवला. मेसमधून सुटले की दारणेच्या काठी जाऊन वाजवायचे. वर्ष-दीड वर्षात ते गाणं जसंच्या तसं उतरवलं आणि लग्नसराईत नाशकातल्या पुंजारामच्या बँडमध्ये जायला लागले. लाल कोट, पिवळी पट्टी. मग काय, वस्तीला विषयच मिळाला.

त्याला कारण होतं. माझे सासरे गावकीत हलगी वाजवायचे. कुणाचं लग्न असो की मयत असो, बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नाही. छप्पन साली धम्म घेतला आणि त्यांनी ती हलगी ह्याच दारणेत फेकली. हे तेव्हा पोरसवदा, काठावर उभे होते. आता त्याच माणसाचा मुलगा पुन्हा लोकांच्या वरातीत वाजवतोय म्हटल्यावर माणसं गप्प बसतील? तोंडावर "जय भीम भिकनराव" आणि पाठ फिरली की "बापानं सोडलं ते पोरानं उचललं."

हे एवढंच म्हणायचे, "बापाला वाजवायला लावत होते. मी वाजवतो."

पटायचं मला. पण वस्तीच्या नळावर मला उभं राहावं लागायचं, ह्यांना नाही.

बँडमध्ये मात्र गाण्यानं कहर केला. पंचवटीपासून सिन्नरपर्यंत, ज्या वरातीत बघावं तिथं फर्माईश एकच, "भिकनचं इंग्रजी!" नवरदेवाचे मामे, काके, पोट सुटलेले, गुडघे दुखणारे, सगळे नाचायचे. पण ती मधली जागा आली, हे थांबले, की लगेच आरडाओरडा. "ए, वाजव रे! झोपला का?" कुणी पाठीत ढोसायचं. पुंजाराम डोळे वटारायचा आणि ढोल सुरू. दहा-अकरा वर्षं वाजवलं ह्यांनी, त्या जागेवर एकदाही कुणी ह्यांना थांबू दिलं नाही. घरी आले की कोट काढता काढता म्हणायचे, "चांगुणाच्या लग्नात वाजवीन. आपली माणसं असतील. पुरं वाजवीन, थांबून." दुसरं काही मागितलं नाही हो त्या माणसानं.

चौऱ्याऐंशी साली चांगुणाला स्थळ आलं. मुलगा सिन्नरला कारखान्यात, इंदिरानगरला स्वतःचं घर, वडील धोंडीराम गुरुजी, शाळामास्तर. सगळं छान. चहा झाला आणि गुरुजींनी चष्मा पुसत विषय काढला.

"भिकनराव, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण ते वाजवणं बंद करा. आपल्या समाजानं वाजवणं कशासाठी सोडलं? माझ्या मुलाच्या सासऱ्यानं लाल कोट घालून लोकांच्या दारात उभं राहायचं, शोभतं का?"

हे म्हणाले, "सोडतो गुरुजी. फक्त लग्नात एकदा वाजवू द्या. आपल्याच माणसांपुढे. मग हात लावणार नाही."

"लग्नात तर मुळीच नको."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तू काय म्हणतेस?"

आणि मी, जिनं बहिरूच्या दुकानात तिसऱ्यांदा लावा म्हटलं होतं, ती मी काय म्हणाले? "पोरीपेक्षा ती पिपाणी मोठी झाली का तुम्हाला?"

पिपाणी. जत्रेत पोरं फुंकतात ती.

 दुसऱ्या दिवशी ह्यांनी ट्रम्पेट चिंचेनं घासून लख्ख केला, धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि पुंजारामला देऊन आले.

लग्न इंदिरानगरला झालं, गुरुजींच्या घरासमोरच्या मैदानात. वंदना झाली, पंचशील झालं, हार घातले. बँड नाही, वरात नाही. सगळं कसं साधं आणि सुधारलेलं! दुपारी पंगती बसल्या आणि नवऱ्या मुलाच्या कारखान्यातल्या मित्रांनी टेप आणला, मोठे कर्णे लावले. दोन-चार गाणी झाली. मग ड्रमचे चार ठोके पडले.

माझ्या हातातलं ताट नाचलं. तेच गाणं! तीच बाई, तोच घोगरा आवाज. पोरं नाचायला लागली, बाया टाळ्या पिटायला लागल्या, आणि बघते तर काय, धोंडीराम गुरुजी! टोपी मुठीत धरून, कंबर हलवत, त्यांच्यासारखं कुणी नाचत नव्हतं. आणि मग ती जागा आली. सगळं बंद. एका पोराला वाटलं टेप अडकला, तो ठोसा मारायला धावला.

"थांबा!" हे ओरडले. पाण्याचा जग एका हातात, दुसरा हात वर. सगळं मैदान थांबलं. मुंगी चालली असती तरी ऐकू आली असती. ती बाई कुजबुजली, ह्यांनी हात खाली आणला, आणि त्याच क्षणी सगळी वाजंत्री परत आली. लोक वेड्यासारखे नाचले.

गुरुजी धापा टाकत आमच्याजवळ आले. "अहो व्याही, नाचा की!" मग ह्यांचा अवघडलेला चेहरा बघून हसले, खांद्यावर थोपटलं. "राहू द्या, राहू द्या. तुम्हाला काय कळणार यातलं? इंग्रजी आहे ते."

ह्यांची तीन बोटं पाण्याच्या जगावर वाजत होती, ट्रम्पेटच्या तीन कळांवर वाजायची तशी. ती थांबली. "हो ना गुरुजी," हे म्हणाले.

मी चांगुणाकडं पाहिलं. ह्याच गाण्यावर उड्या मारत वाढलेली पोर. तिनं ऐकलं होतं. ती खाली मान घालून बांगड्या सारखी मागंपुढं करत राहिली. तिचा तरी काय दोष? आख्खी वस्ती माझ्या तोंडाला घाबरते, पण त्या दिवशी मलाही वाचा फुटली नाही. बोलणार होते कुठल्या तोंडानं? हेच ह्यांचं गाणं, हे गुरुजींना तर माहीतच नव्हतं. मला सगळं माहीत होतं, आणि पिपाणी मी म्हणाले होते.

हे माझ्या जवळून जाताना थांबले. राग नव्हता हो चेहऱ्यावर. तो असता तर बरं झालं असतं.

"आज कुणी मध्ये ओरडलं नाही," म्हणाले, आणि पुढच्या पंगतीला पाणी वाढायला गेले.