मागे घेतलेले हात

हे लोक निवडून कसे आले, ते मला कुणी शिकवू नये. मी ते अकोल्याच्या जठारपेठेत, बांगड्यांच्या टपरीसमोर उभी राहून पाहिलंय.

टपरी चाचीची, देवळाच्या भिंतीला लागून. चाची मुसलमान, घराण्याचा धंदाच बांगड्या भरायचा. आमच्या गल्लीतल्या बायकांचे हात आधी तिच्या सासूच्या हातात असायचे, मग तिच्या. लग्नघरी ती आदल्या दिवशी टोपली घेऊन यायची. पहिली बांगडी देवापुढे ठेवायला द्यायची, नवरीला हिरवा चुडा भरायची, मग मांडवातल्या एकूण एक बाईला, अगदी भांडी घासायला आलेलीलासुद्धा. साडी-नारळ दिल्याशिवाय तिला कुणी जाऊ देत नसे. यात कुणाला धर्म दिसला नव्हता. दिसायचं कारणच काय?

या निवडून आलेल्यांची सुरुवात रक्तदान शिबिरानं झाली. गळ्यात एकसारखे दुपट्टे घातलेली पोरं, बोलायला गोड. नाली तुंबली की महापालिकेच्या आधी हजर. शेजारणीला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा ऑटो त्यांनीच आणला. सगळ्यांनी कौतुक केलं. चाचीनं तर शिबिराच्या दिवशी त्यांना स्वतःच्या हातानं सरबत पाजलं.

मग मंगल कार्यालयात बायकांसाठी व्याख्यान ठेवलं. विषय लेकीबाळींची सुरक्षा. बोलणारी बाई बाहेरगावची. तिनं विचारलं, आपण आपला हात कोणाच्या हातात देतो, याचा कधी विचार केलाय का? बायका हसल्या. मीही पदर तोंडाला लावून हसले, म्हटलं, ही डोक्यावर पडली काय! पण त्या संक्रांतीला टपरीसमोर दोन पोरं खुर्च्या टाकून बसली. बोलत काही नव्हती. कोण येतं ते बघायची, मोबाइल हातात धरून. तेवढं पुरलं. आधी सुना यायच्या बंद झाल्या, मग सासवा. विचारलं की सगळ्यांचं एकच, "आमाले काही नाही वं, पण उगाच काहून नजरेत यायचं?"

मी पोलीस ठाण्यात गेले. साहेब म्हणाले, खुर्चीवर बसणं हा काही गुन्हा नाही. नगरसेवकाकडे गेले. तो जुन्या पक्षाचा, भाषणात सर्वधर्मसमभावाशिवाय बोलायचा नाही. त्यानं चहा पाजला आणि काखा वर केल्या, कारण निवडणूक तोंडावर आली होती. एवढं मूग गिळून तो पडलाच, आणि खुर्च्या टाकणाऱ्या पोरांचा म्होरक्या निवडून आला. पुढच्या खेपेला आमदार झाला. त्याला मतं देणाऱ्या बायका काही राक्षसिणी नव्हत्या, हेच मला जास्त खुपतं. मी तापानं पडले होते तेव्हा याच बायका मला डबा देत होत्या.

त्यातच माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं, अमरावतीला. ही पोर दहावीपर्यंत अकोल्यात माझ्याकडे होती. शाळा सुटली की चाचीच्या टपरीत जाऊन बसायची. माझा चुडा तूच भरायचा, असं तिनं लहानपणीच चाचीकडून कबूल करून घेतलं होतं. चाचीनं तिच्यासाठी हिरव्या बांगड्या कधीच्या आणून ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक तुटलेल्या त्या टपरीत तिला वाट पाहण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

भावाचा फोन आला, ताई, चाचीले आणू नको. सोयरे त्याच लोकांतले होते, आमदार स्वतः आशीर्वादाला येणार होते, आणि भावाच्या कृषी केंद्राचं काही काम त्यांच्याकडे अडकलं होतं. एका दिवसाचा तर प्रश्न आहे, म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुझ्या बायकोचा चुडा कोणी भरला होता रे, मी विचारलं. तो म्हणाला, "तवाची गोष्ट येगळी होती."

काय वेगळी होती? हात तेच, काच तीच. यांनी डोकी तेवढी भाड्यानं देऊन टाकली होती.

मी चाचीला घेऊन गेलेच. तिला सगळं सांगितलं होतं. आधी ती नाहीच म्हणाली, पण मग पोरीला शब्द दिलाय म्हणून निघाली. बसमध्ये सगळा वेळ टोपली मांडीवर धरून होती.

मांडवात कुणी भांडलं नाही. भांडले असते तर मी निस्तरलं असतं, मला तोंड आहे. चाचीनं टोपली उघडली आणि देवापुढची बांगडी माझ्या भावजयीला दिली. ती बांगडी घेऊन तशीच उभी राहिली. बायका भिंतीकडे सरकल्या. एकीची मेंदी ओली होती, एकीला फोन आला. चाचीनं नवरीसमोर हात पुढे केला. पोरीनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

"आत्या, राहू दे ना," ती म्हणाली. "रेडिमेड आणल्या आहेत."

माझ्याकडे बघून म्हणाली, चाचीकडे बघितलंही नाही.

चाची टोपली झाकायला लागली. मला काय झालं कोण जाणे, मी तिच्यासमोर फतकल मारली आणि माझे हात पुढे केले. मी विधवा बाई. नवरा गेल्यापासून माझ्या हातात काच नाही, आणि हिरवा चुडा तर आमच्यात सवाष्णीचाच. चाचीलाही ते ठाऊक होतं.

"बाई, तुमाले हिरव्या?" तिनं विचारलं.

"भर," मी म्हटलं.

आता मात्र सगळ्यांना वाचा फुटली. नवरीसमोर अपशकुन, लाज नाही, धर्म बुडवला! मघाशी ज्यांच्या तोंडून शब्द निघत नव्हता त्याच या बायका. भाऊ धावत आला, आमदार येऊन राहिले, ऊठ म्हणाला. मी उठले नाही. माझी हाडं जाड झालेली, बांगड्या चढताना दुखत होतं. चाची मान खाली घालून एकेक भरत होती. तिला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

आता टपरी बंद आहे. चाची परतवाड्याला लेकीकडे गेली. तिच्या जागेवर आमदाराचं जनसंपर्क कार्यालय थाटलंय, बाहेर त्याच दोन खुर्च्या.

परवा भाचीचा फोन आला. दिवस गेलेत, डोहाळजेवण ठरलंय. मला बरं वाटलं, का वाटू नये? मग तिनं हळूच चाचीचा नंबर मागितला. त्या रेडिमेड बांगड्या मनगटाला काचतात वं, म्हणाली. चुडा चाचीनंच भरावा असं फार मनात आहे. दुपारी सासरे झोपले की बोलावते, कोणाले कळणार नाही.

"समोरच्या दारानं बोलावशील, का मागच्या?" मी विचारलं.

"एका दुपारचा तर प्रश्न आहे, आत्या," ती म्हणाली, तिच्या बापासारखीच. मी फोन ठेवून दिला.