चार, आठ आणि सोळा

समस्त सातारकर आणि सांगलीकर मित्रहो, कान इकडे द्या. अत्यंत गंभीर निवेदन आहे. माझा तो गाजलेला किस्सा — लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये तुम्ही पोट धरून ऐकलेला — अर्धाच आहे. उरलेला अर्धा मी आजवर कुणालाच, बायकोलाही, सांगितलेला नाही.

किस्सा आठवतो ना? नसेल तर ऐका. मी साताऱ्यात मुलांना सी ही कॉम्प्युटरची भाषा शिकवतो. सांगलीच्या एका कॉलेजात तोंडी परीक्षा घ्यायला गेलो होतो. समोर कर्नाटकाच्या सीमेवरच्या जतची सुजाता. विचारलं, लिंक्ड लिस्टचा एक नोड मेमरीत किती जागा घेतो? आत एक इंट, म्हणजे पूर्णांक, चार बाइट. शिवाय पुढच्या नोडचा पत्ता, आठ बाइट. ती म्हणाली, "सोळा." मी म्हणालो, "चार नि आठ सोळा? जतला बेरीज कन्नडात करतात काय गं?" अख्खी लॅब हसली. इथं तुम्हीही हसता — आणि त्या हसण्याचा मला आता संताप येतो. तुमचा नव्हे. ज्यानं ते कमावलं, त्याचा.

कारण ती बाहेर गेल्यावर मी नोडची जागा मोजणारा प्रोग्रॅम गुपचूप चालवला. सोळा. आठ बाइटचा पत्ता आठाच्या पटीतल्या जागेवरच बसवतात. म्हणून इंटनंतर चार बाइट रिकामे सोडतात. एवढंच. आणि हा विद्वान वर्षानुवर्षं फळ्यावर बारा लिहीत होता.

गुणांचा कागद माझ्याच हातात होता, तिच्यापुढं नापासाचे गुण आधीच लिहिलेला. सही व्हायची होती. दाराबाहेर ती भिंतीला टेकून उभी. पुण्याच्या कंपनीनं तिला निवडलंय, फक्त पास व्हायला हवी — हे तिच्या सरांनी मला सकाळीच सांगितलेलं. एक आकडा खोडायचा होता — एकच. पण मग हसलेल्या पोरांना काय सांगणार? मुलगी बरोबर, साहेब चूक? मी नापासच ठेवलं. सही ठोकली. वर चहाबरोबर भडंग खाल्लं — चवीनं.

तिची नोकरी गेली. मला कळलं. कळल्यावरही मी साताऱ्यात येऊन तोच किस्सा रंगवला, हात नाचवून. भित्रा तो भित्रा, वर टाळ्या घेणारा!

दरवेळी मी त्या हशावरच थांबतो. पुढचं वाक्य गाळतो. पण लॅब हसत असतानाच ती मोठ्यानं बोलली होती —

"आवं सर, मशीन म्होरंच हाय की. एकदा चालवून तर बघा."